वैऱ्याचं सामान

आमच्या ताईने आयुष्यात एकाच माणसाचा मनापासून द्वेष केला, आणि त्याच माणसाच्या सामानाने स्वतःचं घर भरून टाकलं. ही गोष्ट मी तिची धाकटी बहीण म्हणून सांगते आहे. तिचं माझं फारसं कधी पटलं नाही, हेही आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको.

त्या माणसाला सगळे मखमल म्हणत. गर्द तांबड्या मखमलीचा कोट घालून तो स्टेजवर यायचा, पियानोला कोपर टेकून गायचा, नकला करायचा आणि पुढच्या टेबलावरच्या पाहुण्यांची अशी काही फिरकी घ्यायचा, की ज्याची घेतली तोच सगळ्यात जास्त हसायचा. क्लब त्याच्याच मालकीचा होता, एका थिएटरखालच्या तळघरात. एके काळी तिथे टेबल मिळायला वशिला लागायचा. पुढे थिएटर बंद पडलं, तळघरात टायरचं गोदाम झालं, मखमल कुठेतरी आजारी पडून गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याचं नावही गेलं. आज दहा माणसांना विचारलंत तर नऊजण ‘कोण?’ म्हणतील आणि दहावी आमची ताई असेल.

आमचे बाबा त्याच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. चांगले वाजवायचे, असं लोक सांगत. पण एकदा जिन्यावरून पाय घसरला आणि पुढचा दात अर्धा तुटला. ट्रंपेटवाल्याचा पुढचा दात म्हणजे सुताराचा अंगठा. हवा फटीतून निसटायला लागली आणि वरचे सूर थरथरायला लागले. मखमलने ते पहिल्याच दिवशी हेरलं. गाणं मध्येच थांबवून माइकवर म्हणाला, “मंडळी, आमच्या बँडमध्ये शेळी कधी आली?” लोक खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी त्याने तेच केलं. आठवड्याभरात तो कार्यक्रमाचा भागच झाला. बाबांनी मुद्दाम ट्रंपेटमधून शेळीसारखं ‘बेंऽऽ’ काढायचं आणि मखमलने त्यांना बोलायचं. बाबांचं नाव पडलं शेळीमास्तर. पुढे त्या प्रसंगाची रेकॉर्डही निघाली, आणि मखमलच्या गाण्यांपेक्षा तीच जास्त खपली.

ताई तेव्हा अकरा वर्षांची होती आणि मी पाच. ताई वर्गात शिरली की मागच्या बाकावरून ‘बेंऽऽ’ यायचं. तिने दोघींच्या झिंज्या ओढल्या, एकीच्या हाताला चावली आणि तीनदा बाईंच्या खोलीबाहेर उभी राहिली. घरी येऊन आईला सांगायची, तर आई पोळी लाटता लाटता म्हणायची, “तुझ्या बापाला सांग. तोच बेंबें करतोय.” दोनेक वर्षांत बाबांनी क्लब सोडला. ट्रंपेट कपाटावर गेलं. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी एका सरकारी कचेरीत लिफ्ट चालवली.

ताईच्या मनात सगळा गुन्हा मखमलच्या नावावर लिहिला गेला, आणि तो खोडायची तिने कुणालाच मुभा दिली नाही.

पुढे ताई एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात शिवणकामाला लागली. फाटक्या चादरींना ठिगळ, डॉक्टरांच्या कोटांना बटणं, ऑपरेशनच्या कपड्यांना नाड्या. वाफेने ओलसर झालेल्या भिंती, एका रांगेत चार मशिनी, आणि ताईच्या मशीनशेजारी कुणी गप्पा मारायला बसायचं नाही. तिच्या जिभेला हाड नव्हतंच. त्या मशीनच्या सुईसारखं टोक मात्र होतं.

बाबा गेल्यावर दोनेक महिन्यांनी ती कामावरून परतत होती. वाटेत एका भंगारवाल्याच्या दुकानात जुना रेकॉर्ड प्लेअर चालू होता. भंगारवाला आणि एक गिऱ्हाईक पोट धरून हसत होते. ताईने आवाज ओळखला. मखमल विचारत होता, “काय मास्तर, घशात गवत अडकलं का?” आणि त्यावर ते ‘बेंऽऽ’. ताई आत गेली, सुई उचलून बाजूला केली आणि म्हणाली, “किती घेणार?”

“अहो, ऐकतोय ना आम्ही!”

“ऐकून झालं. बांधून द्या.”

अशी पहिली रेकॉर्ड घरात आली. त्यानंतर ताईने ठरवलं, की ही रेकॉर्ड जगात कुणाच्याही हाती राहता कामा नये. बाबा गेले, आता त्यांना हसणारंही कुणी उरायला नको. मी म्हटलं, “फोडून टाक ना मग.” तर म्हणाली, “फोडली आणि तशीच दुसरी कुठे निघाली, तर मला कळणार कसं? एकेकीवर नंबर टाकून ठेवते.” या उत्तराचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. पण ती असं बोलली, की पुढे विचारायची सोय राहायची नाही.

सुट्टीच्या दिवशी ती जुना बाजार, रद्दीची दुकानं, बंद पडलेली हॉटेलं पालथी घालायची. पण विकणारे वस्ताद. त्यांना वाटायचं, बाई मखमलची वेडी आहे. नुसती रेकॉर्ड द्यायचेच नाहीत. “हे पोस्टरही घ्या, बाई. ही क्लबची मेनूकार्डं. ही त्याची सिगारेटची डबी, आत त्याच्या बोटांचे ठसेसुद्धा असतील!” रेकॉर्ड हवी म्हणून ताई सगळं उचलायची, शिव्या घालत घरी आणायची. हळूहळू पोस्टरं आली, काचेच्या राखदाण्या आल्या, पियानोचं स्टूल आलं, सही केलेले फोटो आले. आणि एक दिवस तो तांबडा कोटही आला, कोपरांवर झिजलेला. कोट घरात आला त्या दिवशी तिने तो उलटा करून खुंटीला टांगला. म्हणे, “तोंड भिंतीकडे असू दे मेल्याचं.”

भावोजी बसड्रायव्हर होते. अबोल माणूस. पण एकदा खाटेवरून पाय खाली टाकताना राखदाणी फुटून त्यांच्या टाचेत काच गेली, आणि त्यांचा बांध फुटला.

“या घरात एक तर तो राहील नाहीतर मी!”

“तो आधी आलाय,” ताई म्हणाली. “तुम्ही मागाहून आलात.”

भावोजींनी पिशवी भरली आणि धाकट्या भावाकडे राहायला गेले. रोज दुपारी जेवायला मात्र ताईकडेच यायचे, कारण भावजयीच्या हातचं त्यांना गिळवत नव्हतं. जेवायचे, ताट घासून ठेवायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे. असं सहा वर्षं चाललं.

मग उगवला चष्मेवाला. हा मखमलचा मुलगा. साठी ओलांडलेला, टापटीप, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान. बापाच्या जन्माला शंभर वर्षं होणार म्हणून त्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं होतं. जुन्या बाजारात ज्याला त्याला विचारलं, तर प्रत्येकाने ताईचाच पत्ता दिला. तो आला तेव्हा मी तिथेच मटार सोलत बसले होते.

दारातच त्याने हात जोडले. “ताई, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. बाबांवर इतकं प्रेम करणारं कुणी अजून आहे, हे बघून…”

“मला ताई म्हणायचं नाही,” ताई म्हणाली. “तुमची ताई असायला तुमच्या बापाने आम्हाला काय सोन्याने मढवलं होतं?”

तो गोंधळला, पण नजर आत गेली होती. भिंतभर पोस्टरं, खोक्यांची उतरंड, खुंटीला कोट. तो नकळत दोन पावलं आत आला. “हा कोट… हा आमच्या घरातून चोरीला गेला होता.”

“मग पोलिसांत जा.”

“मी मागून घेतोय. फक्त दहा दिवसांसाठी. तुमच्या नावाची पाटी लावीन.”

ताईने हातातली कात्री टेबलावर आपटली. “माझं नाव तुमच्या बापाच्या नावाखाली? चालते व्हा!”

तोही काही कमी नव्हता. जिन्यावरून ओरडला, “बापाचं सामान दाबून ठेवता आणि वर तोंड करून बोलता! सापासारखं वेटोळं घालून बसलात!”

“सापच आहे! पुन्हा पाय ठेवलात तर चावेन!”

चारी मजल्यांवरची दारं उघडली. मी मटारचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

चष्मेवाल्याने सूड घेतला तो मात्र फार गोड. पुढच्या रविवारी वर्तमानपत्रात अर्धं पान आलं: ‘विस्मृतीतल्या कलावंताची एकनिष्ठ चाहती’. रुग्णालयात शिवणकाम करणारी एक साधी स्त्री, जिने मखमलच्या आठवणी पोटच्या लेकरासारख्या जपल्या वगैरे वगैरे. शेजारीण पेढ्यांचा पुडा घेऊन आली. धुलाई विभागात साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी नर्स तिच्या गळ्यात पडून म्हणाली, “मीसुद्धा त्याला ऐकलंय हो!” ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती तडक वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. मला बरोबर ओढून नेलं. लेख लिहिणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. तिने दोघींना खुर्च्या दिल्या.

“मी चाहती नाही,” ताई म्हणाली. “मी त्याची वैरीण आहे. छापा.”

“बरं,” मुलीने वही उघडली. “वैर कशामुळे?”

ताई नखाने टेबलाची कड खरवडायला लागली. मला दिसत होतं, तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण सांगायचं तर शेळीमास्तर सांगावा लागणार, ती रेकॉर्ड सांगावी लागणार. आणि जे जगाने ऐकू नये म्हणून तीस वर्षं घालवली, तेच रविवारच्या पानावर छापून येणार. मुलगी पेन धरून थांबली होती.

“कारण नाही,” शेवटी ताई म्हणाली. “तोंड आवडत नाही त्याचं.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “हात दाखवून अवलक्षण.” ती पूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलली नाही.

प्रदर्शन भरलंच. ताईने एक टाचणीही दिली नव्हती. चष्मेवाल्याने घरातले फोटो, बापाची पत्रं आणि भाड्याने आणलेला पियानो यांवर भागवलं होतं. ताई म्हणाली, आपण बघून यायचं. “त्याने ती रेकॉर्ड लावली नाही ना, एवढंच बघायचं.” दुपारची वेळ होती. हॉलमध्ये पंधरावीस म्हातारी माणसं सरबत पीत उभी होती. कोपऱ्यात एक स्पीकर. आम्ही फोटो बघत अर्ध्या हॉलपर्यंत पोचलो असू, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, “काय मास्तर, घशात गवत अडकलं का?”

रेकॉर्ड नव्हती. क्लबमध्ये कधीतरी भरून ठेवलेली टेप त्याच्या घरी निघाली होती. ‘बेंऽऽ’ झालं आणि म्हातारी माणसं हसायला लागली.

ताई लोकांना बाजूला सारत गेली आणि तिने भिंतीतला प्लग ओढून काढला. स्पीकरबरोबर दोन दिवेही गेले.

“हे काय करताय?” चष्मेवाला धावत आला.

“माझ्या बापाला हसायचं नाही! कुणीही नाही!”

तेव्हा कुठे त्याला कळलं. “तुम्ही शेळीमास्तरांच्या…?”

“तोंड सांभाळा!”

“अहो, पूर्ण ऐका तरी. पुढे तुमचे वडील बोलतात त्यात.”

“खोटं.”

“खोटं? तुमच्याकडे एवढ्या रेकॉर्डी आहेत म्हणतात. एकदाही ऐकली नाहीत?”

प्लगची वायर अजून ताईच्या हातात होती. ती तिने जमिनीवर टाकली आणि निघाली. तिच्या घरी एकशे बेचाळीस रेकॉर्डी होत्या. प्लेअर मात्र तिने कधीच घेतला नव्हता.

बसस्टॉपवर मी जे बोलले ते बोलायला नको होतं, किंवा पन्नास वर्षं आधी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “ताई, बाबा ते ‘बेंऽऽ’ दुपारी घरी बसवायचे. आरशासमोर. तू शाळेत असायचीस. मी शेळी व्हायचे आणि ते मला खाटेभोवती पळवायचे. ते हसायचे, ताई. खूप हसायचे.”

“मग क्लब का सोडला त्यांनी?”

आईने मला नंतर जे सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. मखमलने चांगल्या दातांचा दुसरा ट्रंपेटवाला आणला आणि बाबांना म्हणाला, तुम्ही आता फक्त शेळी करा. गाणी तो वाजवेल.

“म्हणजे मी खरं तेच म्हणत होते,” ताई म्हणाली.

“निम्मं,” मी म्हटलं.

“तू शेळी होऊन खेळत होतीस, तेव्हा मी वर्गात शेळी होत होते.” एवढं बोलून ती माझ्या बसमध्ये न बसता पुढच्या बससाठी थांबली. चार महिने तिने माझा फोन उचलला नाही.

प्रदर्शन दहा दिवसांचं ठरलं होतं, सहाव्या दिवशी गुंडाळावं लागलं. कुणी येतच नव्हतं.

त्या चार महिन्यांतलं मला भावोजींकडून कळलं. ताईने रद्दीवाल्याला बोलावून पोस्टरं, मेनूकार्डं, खोकी, स्टूल, सगळं द्यायला काढलं होतं. चष्मेवाल्याला कुठून तरी वास लागला आणि तो धापा टाकत जिना चढून आला. ताई दारात कोट घेऊन उभी होती.

“हा रद्दीत देऊ नका,” तो म्हणाला. “काय हवं ते बोला मला.”

“तुमच्या बापासारखं बोलायला मला जमत नाही,” ताई म्हणाली आणि तिने कोट त्याच्या तोंडावर फेकला. “न्या. आणि पुन्हा तोंड दाखवू नका.”

भावोजी सांगत होते, की त्याने कोट घडी घालून काखेत धरला आणि पायऱ्या उतरताना एकदा थांबून अस्तराचा वास घेतला. आभार मानले नाहीत. तिला ते नकोच होते. खोली रिकामी झाल्यावर भावोजींनी आपली पिशवी परत आणली, न विचारता. ताई म्हणाली, “ताट स्वतःच घासायचं, हे विसरू नका.”

रेकॉर्डी मात्र तिने रद्दीवाल्याला दिल्या नव्हत्या.

एका सकाळी बेल वाजली, तर ताई दारात. हातात पिशवी. ‘ये’ म्हणायची वाट न बघता आत आली. माझ्या मुलीने हौसेने जुना प्लेअर घेतला होता, त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसली.

“ऐकायचंय. पूर्ण.”

मुलीने सुई टेकवली. खरखर, पियानो, टाळ्या. मग मखमल: “काय मास्तर, घशात गवत अडकलं का?” ‘बेंऽऽ.’ लोक हसले. ताईने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. हसू ओसरलं आणि एक हलका, थोडा फुसफुसणारा आवाज आला. मी तो आवाज तीस वर्षांत ऐकला नव्हता.

“गवत नाही, शेठ. तुमचं गाणं अडकलंय.”

आणि हॉल असा फुटला, की आधीचं हसू काहीच नव्हतं. मखमलसुद्धा हसत होता. त्याला पुढचं वाक्य बोलता येईना. मग ट्रंपेट सुरू झालं, खालच्या सुरांत, जिथे दात लागत नाही तिथे. साधारण मिनिटभर. शेवटी दम कमी पडला आणि सूर जरासा लटपटला.

“मावशी, हे आजोबा?” मुलगी म्हणाली. “भारी आहेत!”

ताई उठली. तिचा चेहरा मऊ वगैरे झाला नव्हता. मी तिला इतकी चिडलेली फार कमी वेळा पाहिली आहे.

“घरी येऊन सांगायला काय झालं होतं?” ती म्हणाली. कुणाला, ते मला कळलं. “एवढं बोलता येत होतं माणसाला, तर घरी का नाही बोलला? मी एकटी मारामाऱ्या करत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन एवढंच सांगितलं असतं मी. एवढंच.”

तिने दुसऱ्यांदा लावायला सांगितली. या वेळी बाबांच्या वाक्याच्या आधीच तिचे ओठ हलायला लागले होते.

एक रेकॉर्ड तिने माझ्या मुलीकडे ठेवली. बाकीच्यांचं काय केलं ते मी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. चष्मेवाल्याशी तिचं वैर आजही तसंच आहे. गेल्या वर्षी नंबर वाढला, तेव्हा चौकातलं त्याचं दुकान ओलांडून दोन बस बदलून ती दुसरीकडे चष्मा करायला गेली. तो चष्मा तिला नीट बसलेला नाही. वाचताना सारखा नाकावरून घसरतो, पण बदलायचं नाव काढत नाही.